डॉ. सखाराम अर्जुन : एका वत्सल कुटुंबप्रमुखाचे स्मरण

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



एकोणिसाव्या शतकातील काही माणसांच्या वाट्याला स्वतंत्र चरित्र आले नाही. ती दुसऱ्यांच्या चरित्रांतून, एखाद्या परिच्छेदापुरती, डोकावतात आणि निघून जातात. डॉ. सखाराम अर्जुन राऊत हे अशांपैकी एक. वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव येते ते औषधींच्या एका सूचीचे कर्ते म्हणून, ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या इतिहासात येते ते आठ संस्थापकांपैकी एक म्हणून, आणि डॉ. रखमाबाई यांच्या चरित्रात येते ते ‘सावत्र वडील’ या दोन शब्दांच्या आधाराने. पहिल्या दोन ठिकाणी त्यांचा यथोचित गौरव झालेला आहे. आजचे स्मरण आहे ते तिसऱ्या ठिकाणचे. ज्या घरात एका मुलीने हिंदुस्थान हालवून सोडणारा नकार उच्चारला, त्या घराचा कर्ता पुरुष कसा होता आणि त्या नकारात त्याचा वाटा किती होता, हा आजच्या विवेचनाचा विषय.

सखाराम अर्जुन यांचा जन्म 1839 सालचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण घेतले. शेजारच्या जमशेटजी जिजीभाई रुग्णालयात ते असिस्टंट सर्जन होते आणि ज्या कॉलेजात शिकले तेथेच देशी भाषेतून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी वैद्यक व वनस्पतिशास्त्र शिकविले. मराठीतून वैद्यक शिकवायचे म्हणजे प्रत्येक अवयवाला, प्रत्येक विकाराला, प्रत्येक वनस्पतीला मराठी नाव शोधणे किंवा घडविणे आले. 1879 साली प्रसिद्ध झालेली मुंबईतील औषधींची त्यांची सूची हे या वृत्तीचेच फळ होय. बाजारात गांधी जे विकतो आणि परसात जे उगवते त्याला शास्त्रीय नाव कोणते, हे त्यांनी तपासून लिहून ठेवले. देशी औषधींना नाक मुरडावे असे त्यांना वाटले नाही. आणि त्या केवळ जुन्या आहेत म्हणून डोळे मिटून स्वीकाराव्यात असेही वाटले नाही. 15 सप्टेंबर 1883 रोजी निसर्गाचा अभ्यास करणारी जी संस्था मुंबईत स्थापन झाली, तिच्या आठ संस्थापकांत दोनच हिंदी गृहस्थ होते. एक प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन.

असा हा विद्याव्यासंगी डॉक्टर ज्या घराचा प्रमुख झाला, ते घर त्याने स्वतः पत्करलेले होते. जयंतीबाई या तरुण विधवा. पहिले पती जनार्दन पांडुरंग निवर्तले तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा आणि पदरी दोन वर्षांची मुलगी. ही मुलगी म्हणजे 22 नोव्हेंबर 1864 रोजी जन्मलेली रखमा. पुढे सहा वर्षांनी सखाराम अर्जुन यांनी जयंतीबाईंशी विवाह केला. सुतार ज्ञातीत विधवेचा पुनर्विवाह रूढीला मान्य होता, त्यामुळे या लग्नासाठी त्यांना बहिष्कार सोसावा लागला नाही. मात्र 1856 च्या विधवाविवाहाच्या कायद्याप्रमाणे पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क संपुष्टात येई. जनार्दन पांडुरंग यांची मालमत्ता त्यामुळे रखमाच्या नावे झाली. आठ-साडेआठ वर्षांची ही पोर सावत्र बापाच्या घरी आली ती अशी, स्वतःच्या मिळकतीची धनीण होऊन. ही गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. कारण पुढील सर्व प्रकरणावर या मालमत्तेची सावली पडलेली आहे.

पुढे जे घडले त्याचा आरंभ सखाराम अर्जुन यांच्याच घरातील एका चुकीपासून होतो. श्रद्धांजलीपर भाषणांत अशा गोष्टी वगळण्याचा प्रघात आहे. परंतु ही गोष्ट वगळली तर त्यांचे खरे मोठेपण हाती लागणार नाही. त्यांच्या विवाहानंतर अडीच वर्षांनी, अकरा वर्षांच्या रखमाचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. दादाजी हे नात्याने सखाराम अर्जुन यांचे बंधू लागत. म्हणजे वर घरच्याच नात्यातला, लग्न घरच्याच संमतीने आणि वधू अकरा वर्षांची. ज्या गृहस्थाने वैद्यकाची पुस्तके वाचली आणि लिहिली, त्याच्या छपराखाली हा बालविवाह झाला. लग्नाबरोबर मुलीची शाळाही सुटली.

मात्र या लग्नाला एक अट होती. दादाजींनी घरजावई म्हणून राहावे, त्यांच्या पोटापाण्याची व शिक्षणाची जबाबदारी मुलीच्या घराने उचलावी आणि त्यांनी शिकून मार्गी लागावे, असे ठरले होते. मुलगी सासरी जाणार नव्हती. जावईच तिच्या घरी येणार होता. रूढीला नाही म्हणण्याचे बळ त्या दिवशी घराने दाखविले नाही, पण रूढीच्या आतच मुलीसाठी एक आडोसा उभा केला. त्या काळातील अनेक सुधारक गृहस्थांची कहाणी याहून फार निराळी नाही. सभेत ठराव संमत करावा आणि घरी आल्यावर आप्तांपुढे मान तुकवावी, हे वारंवार घडत असे. फरक पडतो तो यापुढे.

लग्नानंतर सहा महिन्यांनी रखमा वयात आली. रूढीप्रमाणे गर्भाधानविधीची वेळ आली. दादाजी आता वीस वर्षांचे होते. त्यांची अपेक्षा लोकरीतीला धरूनच होती. सखाराम अर्जुन यांनी या विधीस परवानगी नाकारली.

या नकाराचे वजन समजण्यासाठी त्या वेळचा कायदा पाहावा लागतो. 1860 च्या दंडसंहितेप्रमाणे पत्नीचे वय दहा वर्षांपेक्षा अधिक असले म्हणजे पतीला कायद्याची आडकाठी नव्हती. रखमाने दहावे वर्ष ओलांडलेले होते. धर्माचार दादाजींच्या बाजूला, लोकाचार दादाजींच्या बाजूला आणि इंग्रजी कायदाही त्यांना अडविणारा नव्हता. ही मर्यादा दहावरून बारा करणारा संमतिवयाचा कायदा 1891 साली आला, आणि त्यावरून केवढे रण माजले हे सर्वज्ञात आहे. तो कायदा येण्यास जे एक प्रकरण मोठे कारण झाले ते कलकत्त्याच्या फुलमणी दासीचे. दहा-अकरा वर्षांची ही मुलगी पतीच्या संगाने प्राणास मुकली. 1890 साली खटला चालला, परंतु तिने दहा वर्षे पुरी केलेली असल्यामुळे पतीवर बलात्काराचा आरोप टिकू शकला नाही. जे दुःख फुलमणीच्या निमित्ताने देशाच्या लक्षात आले, ते टाळण्याची दृष्टी मुंबईतील एका डॉक्टरने त्याआधी सुमारे चौदा वर्षे स्वतःच्या घरात दाखविली होती. त्याच्या पाठीशी ना कायदा होता ना शास्त्र. होते ते एवढेच, की कोवळ्या देहावर अकाली मातृत्व लादल्यास काय होते, हे त्याला वैद्यकाने शिकविले होते, आणि ती मुलगी त्याची होती.

रुग्णालयात शिकलेली गोष्ट घरात लागू करणे वाटते तितके सोपे नसते. रुग्णालयात डॉक्टरचा शब्द चालतो. घरात थोरल्यांचा, नात्यागोत्याचा आणि ‘लोक काय म्हणतील’ याचा चालतो. आणि येथे तर समोरचा पक्ष परका नव्हता. जावई हा भाऊ, नाराज होणारे आप्त ते आपलेच. सखाराम अर्जुन यांनी नात्यातला पुरुष दुखावला आणि नात्याने सावत्र असलेली मुलगी राखली.

दादाजींच्या बाबतीतही न्यायबुद्धी सोडू नये. वीस वर्षांच्या तरुणाला लहान मुलांबरोबर सहाव्या इयत्तेत बसविण्यात आले. पत्नी घरात असून ती त्याची नव्हती. खातो ते अन्न सासुरवाडीचे, ऐकतो तो उपदेशही सासुरवाडीचाच. अशा स्थितीत मन कडवट न झाले तरच नवल. त्यांना सुधारण्याचा घरच्यांचा खटाटोप सद्हेतूचा असला तरी त्यात त्यांच्या मानापमानाचा विचार कितपत झाला असेल, असा प्रश्न पडतोच. याच सुमारास त्यांची आई वारली. सखाराम अर्जुन यांनी समजावूनही ते मामा नारायण धुर्माजी यांच्याकडे राहावयास गेले. शिक्षण थांबले, कर्ज वाढले आणि पत्नीच्या मिळकतीकडे दृष्टी वळली.

यानंतरची वर्षे या कहाणीतील सर्वांत शांत आणि म्हणूनच सर्वांत महत्त्वाची. 1876 च्या आसपासपासून 1884 पर्यंत रखमाबाई आईवडिलांच्या घरीच राहिल्या. धुर्माजींच्या घरी नांदावयास जाणे त्यांनी नाकारले आणि सखाराम अर्जुन यांनी त्यांना पाठिंबा दिला. एखादा दिवस, एखादा महिना मुलीची बाजू घेणे निराळे आणि सलग सात-आठ वर्षे, विवाहित मुलगी माहेरी का, या प्रश्नाला दारी येणाऱ्या प्रत्येकासमोर तोंड देणे निराळे. बातमी व्हावी असे या वर्षांत काही घडले नाही. घडत होते ते घराच्या आत. रखमाबाई शिकत होत्या. शाळा बंद झालेली होती. पण फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके घरी येत आणि ती वाचून या मुलीने घरच्या घरी आपले शिक्षण चालू ठेवले. आईबरोबर त्या प्रार्थना समाजाच्या साप्ताहिक सभांना आणि पुढे आर्य महिला समाजाच्या बैठकींना जात. सखाराम अर्जुन यांच्या परिचयातील सुधारक मंडळींचे विचार त्यांच्या कानांवर पडत. ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी ही गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. ज्या इंग्रजी लेखणीने पुढे साऱ्या हिंदुस्थानचे लक्ष वेधले, ती शाळेत घडली नव्हती. ग्रंथालयातून उसनवार आणलेल्या पुस्तकांवर, एका डॉक्टरच्या घरात घडली होती.

मार्च 1884 मध्ये दादाजींच्या वकिलांचे पत्र आले. ते आले सखाराम अर्जुन यांच्या नावे. मुलीला पतीकडे येण्यापासून अडवू नये, असा त्याचा आशय. डॉक्टरांनी सौजन्याने उत्तर दिले की आपण तिला अडविलेले नाही. या उत्तरात कायद्याची सावधगिरी असेलच. परंतु त्यात वस्तुस्थितीही होती. अकरा वर्षांच्या मुलीच्या वतीने त्यांनी नकार दिला होता. आता एकोणीस वर्षांच्या रखमाबाईंचा नकार हा त्यांचा स्वतःचा होता. पुढे वकील द्यावे लागले आणि रखमाबाईंनी आपली कारणे त्यांच्यामार्फत मांडली : दादाजी पत्नीचे पालनपोषण करण्यास समर्थ नाहीत, त्यांची प्रकृती ठीक नाही आणि ज्या मामांच्या घरी नांदावयाचे ते घर योग्य नाही. मुलीच्या मिळकतीपायी माहेरच्यांनी तिला अडकवून ठेवले आहे, असा आरोप दादाजींच्या बाजूने झाला. 1887 साली त्यांनी आपली बाजू मांडणारी पुस्तिकाही छापली.

या आरोपाचा निकाल कसा लावावा? मुलीला मिळकतीसाठीच ठेवावयाचे असते, तर तिला वाचू द्यावयाचे कारण नव्हते. अज्ञानी मुलगी ताब्यात राहते. वाचणारी मुलगी आज ना उद्या स्वतःचे मत सांगते, मग ते पतीविरुद्ध असो वा पित्याविरुद्ध. ही जोखीम ज्याने समजून उमजून पत्करली, त्याच्या हेतूविषयी शंका घेण्यास फारशी जागा उरत नाही.

दुर्दैव असे की या झगड्याचा शेवट पाहणे सखाराम अर्जुन यांच्या नशिबी नव्हते. 16 एप्रिल 1885 रोजी, पंचेचाळिशीच्या घरात, त्यांचे निधन झाले. जयंतीबाईंच्या वाट्याला दुसऱ्यांदा वैधव्य आले आणि रखमाबाईंचा दुसरा पिता हरपला. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, 26 जून 1885 रोजी, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने बालविवाहाविरुद्धचे पहिले पत्र प्रसिद्ध झाले. ती लेखिका रखमाबाई होत्या. जो आजवर पुढे उभा होता तो गेल्यावर मुलगी स्वतः पुढे आली.

खटल्याचा पुढील इतिहास सर्वश्रुत असल्याने थोडक्यात सांगणे पुरे. 21 सप्टेंबर 1885 रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी दादाजींचा दावा फेटाळला. पतिपत्नीचे सहजीवन पुनःस्थापित करण्याचा हा दावा मुळात इंग्लंडातील धर्मन्यायालयांचा. हिंदू कायद्यात त्याला आधार नाही, आणि जे सहजीवन कधी सुरूच झाले नाही ते पुनःस्थापित कसे करावयाचे, असा त्यांचा विचार होता. 1886 साली अपिलात हा निर्णय फिरला. 4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंनी पतीकडे जावे, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगावा, असा हुकूम दिला. कारावास पत्करू, पण जाणार नाही, हे रखमाबाईंचे उत्तर. लोकमान्यांच्या ‘केसरी’ने त्यांच्यावर टीकेचा भडिमार केला, मलबारींसारखे सुधारक त्यांच्या पाठीशी राहिले. अखेर 1888 साली दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन तुरुंगवास टळला.

1889 साली रखमाबाई वैद्यकाच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. या कामी कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांचे मोठे साहाय्य झाले. परंतु वैद्यकच का, या प्रश्नाचे एक उत्तर त्यांच्या बालपणीच्या घरात सापडते. ज्या शास्त्राने आपल्याला वाचविले ते आपण शिकावे, असे त्या मुलीला वाटले असेल तर त्यात नवल नाही. 1894 साली त्यांनी एम. डी. ही पदवी संपादन केली आणि 1895 पासून त्या सुरतेच्या स्त्री-रुग्णालयात रुजू झाल्या.

सुरत बडोद्यापासून आगगाडीने काही तासांच्या अंतरावर. गुजरातेतील मराठी माणसांना या नात्याचा अभिमान वाटावा असे आहे. कारण रखमाबाईंचे उभे सेवाजीवन मुंबईत गेले नाही, ते सुरतेत आणि त्यानंतर राजकोटात गेले. तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी या प्रदेशातील स्त्रियांची बाळंतपणे केली, आजार काढले. 1904 साली दादाजी वारले, तेव्हा या स्वाभिमानी स्त्रीने विधवेचे पांढरे पातळ धारण केले. त्याच 1904 साली सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानात बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा झाला, हा योगायोगही नोंदण्याजोगा आहे. 25 सप्टेंबर 1955 रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, रखमाबाईंनी देह ठेवला.

1982 साली मोहिनी वर्दे यांनी ‘डॉ. रखमाबाई : एक आर्त’ हे चरित्र लिहून मराठी वाचकाला या स्त्रीची ओळख करून दिली. 1998 साली सुधीर चंद्र यांनी या खटल्यावर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कन्येचे ऋण अशा रीतीने काही अंशी फिटले. पित्याचे ऋण मात्र उरलेलेच आहे.

ते ऋण कशाचे? सखाराम अर्जुन हे निर्दोष सुधारक होते, असा दावा कोणी करू नये. त्यांच्या घरात बालविवाह झाला. परंतु झालेली चूक ‘आता झाले ते झाले’ म्हणून त्यांनी पोरीच्या माथी मारली नाही. तिचे भोग तिने भोगावेत, असे न म्हणता त्या चुकीचा जाच त्यांनी मरेपर्यंत स्वतःच्या अंगावर घेतला : आप्तांचा रोष, लोकांची कुजबुज, वकिलांची पत्रे. मुलगी रक्ताची नव्हती. तिच्यासाठी दुखावलेला माणूस मात्र नात्याचा होता. कुटुंबवत्सल हे विशेषण मराठीत फार सहज वापरले जाते. जो वेळेवर घरी येतो, मुलाबाळांना काही कमी पडू देत नाही, त्याला ते लावतात, आणि ते योग्यच आहे. सखाराम अर्जुन यांचे उदाहरण त्या शब्दाचा अर्थ अधिक कठीण करून ठेवते. घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसासाठी घरातल्या इतर सर्वांशी वाईटपणा घ्यावयाची ज्याची तयारी असते, तो कुटुंबवत्सल.

त्यांची औषधींची सूची आज जुन्या संग्रहांतच पाहावयास मिळते. त्यांनी ज्या रुग्णांना बरे केले त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पण ज्या मुलीचे त्यांनी अकराव्या-बाराव्या वर्षी रक्षण केले, तिने पुढे गुजरातेतील अगणित मातांचे रक्षण केले. या ग्रंथालयातून पुस्तक घरी नेणाऱ्या एखाद्या मुलीच्या मागे असाच एखादा पिता, काका वा मामा निमूटपणे उभा असेल, तर डॉ. सखाराम अर्जुन यांचे स्मरण आज येथे अस्थानी झाले नाही, असे म्हणता येईल.